डोक्याकडचं हँडल

त्या दिवशी दुकानात फोन वाजला, तेव्हा दुकानदाराचा जेवणाचा डबा माझ्यावर उघडा होता. गिऱ्हाईक नसलं की तो माझ्यावरच बसून जेवतो. आजाऱ्याच्या पलंगावर जेवू नये म्हणतात. पण त्या दुकानात बसायला दुसरं होतं काय? एक चाकाची खुर्ची आणि एक मधोमध भोक पाडलेली खुर्ची. त्यापेक्षा मी बरा.

घास गालात धरूनच तो फोनवर म्हणाला, "आहे, आहे. दोन हँडलांचा आहे. आजच हवा? बरं. कितवा मजला? जिना केवढा आहे?" फोन ठेवून त्यानं घास गिळला आणि माझ्या कठड्यावर थाप मारली. "चला राजे, निघा."

लोकांच्या घरी आभाळ कोसळतं, त्याची बातमी आमच्या दुकानात अशी येते. जिना केवढा आहे, एवढीच चौकशी.

मी पलंग. लोखंडी, एके काळी पांढरा असलेला. माझ्या पायथ्याशी दोन हँडलं आहेत. एक फिरवलं की डोक्याकडचा भाग वर उठतो, दुसरं फिरवलं की गुडघे. ज्या कारागिरानं माझे सांधे जोडले तो काम करताना सारखा कुणाला तरी हाका मारायचा, कधी चहासाठी, कधी पान्यासाठी. त्यामुळे जन्मापासून माझ्या कानांना माणसाच्या आवाजाची सवय. पुढे बरीच वर्षं एका दवाखान्यात काढली. तिथं विजेवर उठबस करणारे पलंग आले आणि आम्हा हातानं फिरणाऱ्यांची रवानगी झाली. तेव्हापासून मी भाड्यानं जातो.

मला हौसेनं घरी कुणी नेत नाही. नवरानवरी दुकानात जाऊन पलंग निवडतात, गादी दाबून बघतात, हसतात. मला निवडत नाहीत, मागवतात. आणि परत पाठवताना माझ्याकडे बघत नाहीत. एखादाच माणूस स्वतःच्या पायांनी उभा राहून मला निरोप देतो. तेवढ्या एखाद्यासाठी मी गंज सोसतो.

तर त्या घरी जिना अरुंद होता. हमालांनी मला उभा-आडवा करत, जिन्याला आणि एकमेकांना शिव्या देत वर नेलं. खिडकीजवळची खोली रिकामी केली होती. भिंतीवर जिथं कपाट होतं तिथं रंगाचा फिकट चौकोन राहिला होता. घरातली बाई पदर खोचून उभी होती. "इकडे तोंड करून ठेवा. नाही, खिडकीकडे तोंड नको, त्यांना उजेड डोळ्यांवर आलेला खपत नाही." दुकानदार तिला मावशी म्हणाला, म्हणून मीही तिला मावशीच म्हणेन.

संध्याकाळच्या आत तिच्या नवऱ्याला आणलं. मेंदूकडे जाणाऱ्या नळीत गाठ अडकून त्याची उजवी बाजू लुळी पडली होती. दवाखान्यात राहून पाय थोडा परतला होता, हातही जरा हलत होता, बोलणंही अडखळत का होईना आलं होतं. माझ्यावर ठेवला तेव्हा त्यानं डावा हात कठड्यावर फिरवून बघितला आणि म्हणाला, "जु... जुना माल." दुकानदाराचा माणूस ओशाळला. मला मात्र माणूस आवडला.

तो भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचा. पहाटे गाड्या उतरल्या की क्रेटवर उभं राहून भाव पुकारायचे, वाढवत न्यायचे, सौदा पक्का करायचा. बाजारात त्याला सगळे भोंगा म्हणत. पलीकडच्या रस्त्यावरच्या माणसाला घरबसल्या टोमॅटोचा भाव कळायचा, असं त्याची थोरली बहीण सांगायची. ही बहीण, मावशीची वन्सं, त्यांच्याकडेच राहत होती. कंबर वाकलेली, जीभ सरळ. शिवाय एक मुलगा होता, तो कामावर जाण्याआधी वडिलांची दाढी करायचा.

सकाळी मुलगा यायचा तेव्हा मी सपाट असायचो. साबण लावताना तो मुद्दाम विचारायचा, "काय भोंगासाहेब, आज टोमॅटो काय भाव?"

"स... सडका तुझा."

"आणि कांदा?"

"तोंड... बघ आरशात."

बापलेक हसायचे. हसताना त्याची पाठ माझ्या पाठीवर थरथरायची. उजवा हात कठड्याला धरून असायचा. मला नाडी कळत नाही, पण वजन कळतं. कुणी अंग कधी सावरून धरलंय आणि कधी सोडलंय, ते मला बरोबर कळतं.

मुलगा गेला की मावशी यायची. आधी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघायची. आकडा खाली आलेला दिसला की तिचा चेहरा परीक्षेत पहिल्या आलेल्या पोरीसारखा व्हायचा. "एकशे दहा! बघा. आता बोला." तो शब्द जुळवेपर्यंत ती गोळ्या काढायला वळलेली असायची.

या आकड्याशी तिचं वर्षानुवर्षांचं भांडण होतं. भोंग्याला रक्तदाब जुना, आणि गोळ्या टाळण्यात तो पटाईत. जिभेखाली धरायचा आणि कुंडीत थुंकायचा. "त्या कुंडीतल्या झाडाचा रक्तदाब अगदी उत्तम राहिला," वन्सं म्हणायची. आता मात्र तो तिच्या तावडीत होता. दवाखान्यानं नवी गोळी दिली होती. जुनी बंद करा, असं निघतानाच्या गडबडीत कुणी म्हणालंही असेल, पण मावशीच्या कानावर ते पडलं नाही. तिनं दोन्ही चालू ठेवल्या. मुलानं एकदा सांगून बघितलं, "आई, डॉक्टर म्हणत होते, सध्या दाब जरासा वर राहिला तरी घाबरायचं नाही."

"वर राहिला म्हणूनच ही वेळ आली ना? तू दाढी कर. बाकीचं मी बघते."

गोळ्या पोटात गेल्या की ती माझ्या पायथ्याशी जायची आणि डोक्याकडचं हँडल फिरवायची. भराभर, जोर लावून. झोपून राहिलं की माणूस आजारी, बसला की बरा, हे तिचं साधं गणित. आणि बसवायला तर डॉक्टरांनीही सांगितलं होतं. मी कुरकुरत उठायचो, भोंगा माझ्याबरोबर उठायचा, ती उशा लावायची, वाटीत सूप घेऊन समोर बसायची.

"आज मीठ बरोबर आहे ना?"

भोंगा गप्प.

"अहो, मी काय विचारते?"

तो तिच्याकडे बघायचा. नुसता बघायचा. कठड्यावरचा उजवा हात सुटून गादीवर पडायचा. सूप ओठांच्या कोपऱ्यातून ओघळायचं. ती पुसायची आणि पुन्हा विचारायची, आणि पुन्हा तेच.

दुपारी ती जरा पडायला गेली की वन्सं मला सपाट करायची, चादर बदलायला. थोड्या वेळानं भोंगा तोंड उघडायचा. "अक्का... पंखा." "अक्का... ती चादर नको... टोचते." कधी कधी त्यांच्या लहानपणीच्या कुत्र्याची गोष्ट, अर्धी, शब्दांमध्ये मोठमोठाली भोकं ठेवून. मावशी पलीकडच्या खोलीत पडल्या पडल्या ऐकायची.

एका दुपारी ती दारात येऊन उभी राहिली. "वन्सं, तुमच्याशी बोलतात. पोराशी बोलतात. मीच काय घोडं मारलंय?"

"अगं, त्याचं काय घेऊन बसलीस? आजारी माणूस."

"आजारी असते तर कुणाशीच बोलले नसते. मला ठाऊक आहे, हा अबोला आहे."

मग मला हळूहळू सगळं समजलं. जगापुढे ओरडणारा हा माणूस घरात रागावला की ओरडायचा नाही. गप्प व्हायचा. खुर्चीत ताठ बसायचा, बायकोकडे बघायचा आणि शब्द काढायचा नाही. एकदा आता परगावी असलेल्या मुलीच्या लग्नावरून, एकदा नुसत्या छत्रीवरून. मग मावशीही गप्प. शेवटी कुणाला तरी चहा उतू जाताना दिसायचा आणि "अहो" किंवा "अगं" तोंडून निसटायचं, की अबोला संपला.

आणि आता तर कारणही तसंच होतं. भोंग्याचा घसा गेले काही महिने बसत होता, चढत्या उन्हात चक्कर यायची. मावशीनं त्याला न विचारता बाजारातल्या अडत्याला सांगून टाकलं, की पुकारायला आता दुसरा माणूस बघा. अडत्यानं बघितलाही. हे भोंग्याला कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तो मोरीत कोसळला. म्हणजे त्याचा शेवटचा राग तिच्यावरच होता. त्यानंतर मध्ये दवाखाना आला, पण राग मिटलेला नव्हता. मिटवायला त्यानं तोंडच उघडलं नव्हतं. निदान तिच्यापुढे.

समोर ताठ बसलेला, बघत राहिलेला, न बोलणारा नवरा. तिनं हा चेहरा आयुष्यभर पाहिला होता. तिनं तो ओळखला आणि ओळखण्यात चुकली.

मला ते दिसत होतं. हँडल फिरलं की हात सुटतो, शब्द जातात. मी सपाट झालो की परत येतात. पण पलंगाला कोण विचारतो? मी कुरकुरायचो. मुलानं एका सकाळी माझ्या सांध्यांना तेल दिलं.

मग एके दिवशी बाजारातली दोन-तीन माणसं भेटायला आली. मावशीनं त्याला नवा सदरा घातला, केस विंचरले आणि हँडल शेवटपर्यंत फिरवलं, पाठीशी आणखी एक उशी दिली. माणसं कठड्याला धरून उभी राहिली. "काय भोंगा? बॅटरी उतरली का?" भोंगा बघत राहिला. "अरे, तुझ्याशिवाय बाजाराला मजा नाही. नवा पोरगा पुकारतो की रडतो, कळत नाही." भोंग्याचं डोकं उशीवर कलंडलं. माणसं एकमेकांकडे बघू लागली, चहा न घेताच निघाली. जिन्यात एकजण म्हणाला, "कामातून गेला रे." हळूच म्हणाला, पण त्या जिन्यात काही हळू राहत नाही.

मावशी आत आली. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. "माझ्यावर राग तर माझ्यावर काढा. त्या बिचाऱ्यांनी काय केलं होतं?" उत्तर आलं नाही. "बरं. मग मलाही बोलायचं नाही."

आणि ती खरंच गप्प झाली. सूप भरवायची, तोंड पुसायची, पट्टा बांधायची, गोळ्या द्यायची, सगळं वेळच्या वेळी, काकणभर जास्तच मायेनं, पण मुकाट्यानं. सपाट असताना तो तिच्याकडे मान वळवायचा तेव्हा ती आवराआवर करत पाठमोरी असायची. त्या खोलीत चमच्याचा आवाज तेवढा राहिला. मी पुष्कळ आजारी माणसं पेलली आहेत. इतकं जड काही पेललेलं आठवत नाही.

व्यायाम शिकवणाऱ्या ताई पहिल्यांदा आल्या त्या नेमक्या जेवणाच्या वेळी. भोंगा उंच बसवलेला, मावशीच्या हातात चमचा. ताईंनी पिशवी ठेवली आणि वाकून विचारलं, "काका, ओळख करून घेऊ या? नाव काय तुमचं?"

"नाही बोलणार," मावशी म्हणाली. "राग आहे माझ्यावर. मी खोलीत असले की तोंड उघडत नाहीत."

"बाकीच्यांशी बोलतात?"

"हो तर. काल वन्संना शिव्यासुद्धा दिल्या."

"दोनच दिल्या," वन्सं म्हणाली. "पण स्पष्ट होत्या."

ताई हसल्या, आणि हसता हसता थांबल्या. त्या गादीवर पडलेल्या उजव्या हाताकडे बघत होत्या. "हा हात असाच असतो? बरं, मला सांगा, ते बोलतात तेव्हा बसलेले असतात की आडवे?"

हा प्रश्न त्या घरात कुणाला पडलाच नव्हता.

ताईंनी बसल्या स्थितीतच त्याच्या दंडाला पट्टा बांधला. मावशी रोज बघायची ते तो आडवा असताना, गोळ्यांच्या आधी. यंत्र फुसफुसलं. उतरलेला आकडा बघून ताई माझ्या पायथ्याशी आल्या आणि हँडल उलटं फिरवू लागल्या. सावकाश. मी इतक्या हळू कधी उतरलो नव्हतो.

"अहो, जेवण राहिलंय त्यांचं," मावशी म्हणाली.

"जरा थांबू या, मावशी."

मी सपाट झालो. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग माझ्या पाठीला ते जाणवलं. अंग जे नुसतं पडलं होतं, ते पुन्हा कुणीतरी धरलं. उजवा हात गादीवरून सरकत सरकत कठड्यापाशी आला. भोंग्यानं डोळे मिचकावले.

"काका, ह्या कोण?"

"बा... बायको." मग बऱ्याच वेळानं, "ओरडते."

वन्सं पदराआड हसली. मावशी हसली नाही. वाटी हातात तशीच धरून ती उभी होती.

ताईंनी तिला शेजारी बसवून घेतलं. "असं असतं मावशी, की चांगला मेंदू आपल्या वाट्याचं रक्त स्वतः सांभाळतो. अंगातला दाब जरा वर गेला, जरा खाली आला, तरी तो आपल्या नळ्या आवळतो, सैल करतो, निभावून नेतो. तुम्ही-आम्ही उठून बसलो तर आपल्याला कळतसुद्धा नाही. पण असा झटका येऊन गेला की त्या दुखावलेल्या भागाचं ते कसब जातं. मग तो भाग नुसत्या दाबावर जगतो. दाब पडला की तिथलं रक्त पडलं. काकांची तर मानेतली नळीही अरुंद आहे असं दवाखान्याच्या कागदावर लिहिलंय. आडवे असतात तोवर वरपर्यंत पोचतं. गोळ्यांनी दाब खाली आणून लगेच उंच बसवलं, की पोचत नाही. मग बोलणं जातं, हात जातो."

"म्हणजे ते..." मावशीनं वाटी बाजूला ठेवली. "म्हणजे त्यांना बोलायचं होतं?"

"ते मी कसं सांगू? पण बसल्यावर त्यांना बोलता येत नव्हतं, एवढं नक्की."

"आणि मी गोळ्या देऊन देऊन..."

"गोळ्या हव्यातच. कुठली, किती, कधी, ते डॉक्टर ठरवतील, मी आत्ताच फोन लावते. बसवायचंही आहे, पण थोडं थोडं, चेहऱ्याकडे बघत."

ताई फोन करायला बाहेर गेल्या. वन्संही उठली, कधी नव्हे ते शहाणपणानं. मावशी माझ्या कठड्याला धरून वाकली. तिचं तोंड त्याच्या तोंडाजवळ आलं.

भोंगा तिच्याकडे बघत होता. एकेक शब्द त्यानं क्रेट उचलावा तसा उचलून आणला.

"तू... का... बोलत नव्हतीस?"

मावशीनं वाटी उचलली. "सांगते," ती म्हणाली. "सूप गार झालंय, आधी गरम करून आणते."

डॉक्टरांनी जुनी गोळी बंद केली, नवीची वेळ बदलली. त्यानंतरचे दिवस चांगले गेले. मावशीनं मोरीतलं बुटकं स्टूल आणलं. त्यावर बसलं की तिचा चेहरा माझ्यावर आडव्या असलेल्या माणसाच्या बरोबरीला यायचा. हँडल आता ती अर्धा वळसा फिरवायची आणि पायथ्याशी उभं राहून विचारायची, "अहो, मी कोण?"

"ठाणेदार."

"बरं, आणखी अर्धा चालेल."

ती त्याला सगळं सांगायची. शेजारच्यांचा नळ, मुलाच्या साहेबाचा स्वभाव, अडत्याकडच्या नव्या पोरानं एकच गाडी दोघांना विकली ती भानगड. ते ऐकून भोंगा इतका हसला की माझा एक बोल्ट सैल झाला. एकदा तर त्यानं आडव्या आडव्या टोमॅटोचा सौदा पुकारला, मावशीनं बोली लावली, वन्संनं वाढवली, आणि त्यानं बायकोला डावलून बहिणीला माल दिला.

पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर तेवढं तिनं दिलं नाही. त्यानं पुन्हा एकदा विचारलं होतं. "मोठी गोष्ट आहे, निवांत सांगेन," ती म्हणाली. जन्म ज्याच्याबरोबर काढला त्याला, तुम्ही मरणाच्या दारातून परत आलात आणि मी तुम्हाला रुसलेले समजले, असं कुठल्या तोंडानं सांगायचं? दोनदा ती स्टुलावर बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. एकदा कुणी आलं. एकदा कुणीच आलं नाही.

"सांगून टाक एकदाचं," वन्सं म्हणाली.

"सांगेन हो. पळून चाललेत का कुठे?"

तो एका दुपारी गेला. दुसरी गाठ आली, मोठी. तेव्हा मी सपाट होतो, गोळ्या बरोबर होत्या, दाबही डॉक्टरांना हवा तेवढाच होता. त्या वेळी कुणाचंच चुकलं नाही. त्याचं अंग माझ्यावर हळूच सुटलं आणि मग कुणी ते धरलं नाही.

हमाल मला घेऊन आले. आता मी पुन्हा दुकानात आहे, चाकाच्या खुर्चीच्या शेजारी. फोन वाजेल तेव्हा निघेन. तुमच्या घरी माझी वेळ न येवो. आलीच, तर एवढं ऐका. हँडल फिरवताना हँडलाकडे बघू नका, माणसाकडे बघा. सावकाश फिरवा. वर बसवल्यावर तो गप्प झाला तर आधी मला खाली घ्या, लगेच डॉक्टरांना सांगा, आणि मान-अपमानाचं काय ते मग बघा.

परवा मावशी दुकानात आली होती. गादीवरचं मेणकापड घरी राहिलं होतं, ते धुऊन, वाळवून, घडी करून तिनं आणलं. दुकानदारानं डबा बाजूला सारला आणि तिला माझ्यावरच बसवलं. वजन घटलं होतं तिचं.

"काका शेवटी शेवटी बोलत होते म्हणे?" त्यानं विचारलं.

"हो. चांगले बोलत होते. मला एक विचारलं होतं त्यांनी."

"मग?"

मावशी माझ्या कठड्याला धरून उठली.

"सांगायचं राहिलं," ती म्हणाली.